जरासा सरकला पाहिजे

आबा, तुमी गेल्यापासनं मी कुठल्याच विहिरीत वाकून बघितलं न्हाय. सासरी नवी नवरी म्हणून मळ्यातली विहीर दाखवायला नेलं, तवा बी चपलेत खडा गेल्याचं सोंग करून लांबच बसले. आणि आता माझी नात, तुमची पणती, जमिनीला भोक पाडायच्या कामावर हाय. मंगळवेढ्याच्या अंगाला माळावर यंत्र उभं केलंय. वरचा काळा पाषाण संपला की लई खोल ग्रॅनाइट लागतो, तो चुलीवानी तापलेला असतो म्हणे. एका भोकातनं गार पाणी सोडायचं, दुसऱ्यातनं कढत वर आणायचं आणि त्याच्यावर वीज करायची. मी म्हणलं, सोलापुरात वरनं काय कमी भाजतंय, ते खालनं बी आणायला निघालात?

परवा तिनं त्या भोकातला दगड घरी आणला, लाटण्यासारखा गोल, आणि माझ्या पिठाच्या परातीशेजारी ठेवला. त्यात एक पांढरी रेघ. ती बुजलेली भेग, तिच्यातनं काय जात न्हाय. दुसरी भेग केसासारखी, मला तर दिसलीच न्हाय. पण तिनं वरनं तांब्या धरला आणि खाली माझ्या तळहाताला ओल लागली. अख्खा दगड पाणी पीत न्हाय, पाणी जातं ते भेगांतनंच, आणि त्या बी उघड्या, एकमेकींना जोडलेल्या लागतात. मग बंद हायत त्यांचं काय करता, मी विचारलं.

"दाबानं पाणी घालायचं, आजी. भेगेची एक बाजू जराशी सरकली पाहिजे. मग खडबडीत अंगं परत नीट बसत नाहीत, फट राहते." दोन तळवे एकमेकांवर ठेवून तिनं सरकवून दाखवलं. माझ्या हातातला पिठाचा गोळा खाली पडला.

तो दिवस परत डोळ्यापुढं आला. सुरुंगाचा धूर निवळलाय. तुमी विहिरीच्या तळाला, मी काठावर दोर धरून. कपारीतल्या भेगेत तुमी कळशी ओतताय, नेहमीसारखी, आणि पाणी गडप होतंय. वर बघून हसताय. "हितं वाट हाय बघ, पोरी." लोक म्हणत्यात तसा दगड वरनं पडला न्हवता, आबा. कपार नुसती सरकली होती. जराशीच.

पोरगी तशीच हसते, पाणी गडप झालं की. जरासा म्हंजी किती, मी विचारलं. केसभर, म्हणाली. भोकात माणूस उतरत न्हाय, ती लांब पत्र्याच्या खोलीत असती, जमीन जास्त हलली तर पाणी बंद करत्यात. सगळं कळतंय मला, मी काय येडी न्हाय. तरी भांड्याला भांडं लागलं की मी आधी दाराकडं बघते.

उद्या सकाळी पाणी दाबणार हायत. चल की आजी बघायला, म्हणून लई मागं लागली. मी म्हणलं, माझे गुडघे धरलेत. गाडी पाठवते म्हणाली, तर खेकसले, भाकरी करू का तुझी दगडं बघत हिंडू?

हा कागद धाडायचा कुटं? तुमच्यात पोस्टमन येत न्हाय. ज्वारीच्या डब्याखाली सारते. त्या डब्यावर चढून कालच मी माळ्यावरची परात काढली. गुडघ्यांना काय बी झालेलं न्हाय, आबा.