समुद्राला नवा तांदूळ

आये,

आज घरात नवा भात शिजला. माझी सून म्हणाली, बसा पानावर, तर मी आधी चुलीतलं लाकूड बाहेर तर आलं नाही ना ते बघून आलो, मग मांजर आत शिरलंय का ते बघितलं, तोवर भात निवला. तू असतीस तर म्हणाली असतीस, "जेव रं, भात कुटं पळून चाललाय!" घास तोंडात घातला आणि आपली ती मार्गशीर्षातली बैलगाडी आठवली. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, चार ओळी लिहायच्या तर दहादा खोडतो. तरी लिहितो आहे.

त्याआधीची दोन वर्षं पाऊस धड पडला नव्हता. तू कुणाला न विचारता नवस बोलून बसलीस, औंदा पीक आलं तर पहिला तांदूळ समुद्राला, कारण पाऊस तिथूनच उठून आपल्याकडं येतो. आणि पीक आलं. कर्जतच्या डोंगराखालची आपली खाचरं तशी कधी भरली नव्हती. आम्हा सगळ्यांच्या ताटात नवा भात आणि तुझ्या ताटात नाचणीची भाकरी. समुद्र जेवल्याशिवाय तू जेवणार नव्हतीस. सोबतीला मलाच निवडलंस, कारण अख्ख्या वाडीत समुद्र बघितलेला मी एकटा. आदल्या वर्षी गवताची गाडी घेऊन मी पनवेलला गेलो होतो आणि परत येऊन सांगितलं होतं की तसाच पुढं उरणला जाऊन समुद्र बघून आलो.

भाताची झोडणी उरकली होती. जत्रा लांब, लग्नं लांब, रस्त्याला कोणी नाही. शेजारच्या काकानं बांधावरून हाक मारली, "जत्रा नाय, बाजार नाय, म्हातारीला घेऊन कुटं निघालास रं?" मी उत्तर जुळवतोय तोवर तूच ओरडलीस, "समुद्राला जेवाया घालाया!" काका हसता हसता बांधावरच बसला.

त्या वाटेवर मला कशाकशाची काळजी नव्हती! बैलाचा खूर, जुवाचा दोर, आभाळात नसलेला ढग. सगळ्यात जास्त चाकांची. कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं आणि वरची लोखंडी धाव सैल होते, म्हणून लागेल त्या ओढ्यात मी गाडी उभी करायचो आणि चाकं भिजवायचो. तू आत गोधडी पांघरून बसलेली. "अरं, चाकं धुतोस का त्यांचं बारसं करतोस?" उजव्या हाताला माथेरानचा डोंगर, मग इरशाळ, मग प्रबळ, सगळ्यांच्या अंगावर सकाळचं धुकं. कापलेल्या खाचरांत वालाची कोवळी पानं दवानं चमकत होती. ठाकरांच्या बायका मोळ्या घेऊन उतरत होत्या आणि तू प्रत्येकीला थांबवून सांगत होतीस की माझा लेक मला समुद्र दाखवाया नेतोय. चौक गावाच्या पुढं मोटार आली तेव्हा मी गाडी सडकेवरून थेट खाली घातली. मोटार निघून गेली. बैल शांतपणे गवत खात उभे. तू म्हणालीस, "त्ये नाय बुजलं. तूच बुजलास." अजून तो तुझा आवाज आठवला की मला एकट्याला हसू येतं आणि सून चमकून बघते.

पनवेलला मुक्काम केला, पहाटे निघालो आणि दुपार कलताना उरणच्या किनाऱ्याला पोचलो. समोर बघतो तर काळा चिखल, शेवाळलेले खडक, खड्ड्याखड्ड्यांत साचलेलं पाणी. लांब कुठंतरी एक चकाकती रेघ. तू हळूच विचारलंस, "ह्योच का रं?" काय सांगणार होतो मी? बघितलाय म्हणून छातीठोक सांगून बसलेलो. म्हटलं, "ह्योच." तू उतरलीस, पदर डोक्यावर घेतलास, त्या चिखलाला हात जोडलेस आणि तांदळाची पुरचुंडी सोडायला लागलीस. मला ओरडायचं होतं, थांब, पण मी जुवाचा दोर तपासायला वळलो.

खडकांत कालवं काढत बसलेली एक कोळीण मान वर करून म्हणाली, "अगो बाय, चिखलाला का पाया पडतंस? तांदूल टाकू नको, खेकडं खातील. दर्या भाईर गेलाय. येल आता."

"जातो कुटं त्यो?" तू विचारलंस.

"रोजच जातो, रोजच येतो. कोनी सांगलं नाय तुला?"

"माझ्या लेकानं बघितलाय की!"

कोळणीनं माझ्याकडं बघितलं आणि अशी हसली की तिची टोपली कलंडली.

मग आपण वाळूत बसलो. आणि तो आला, आये. आधी नुसता आवाज, मग खडकाखडकांतून पाणी, मग सगळीकडं तोच. उन्हानं पिवळा झालेला, श्वास घेणारा. मी उठून धावलो, पाणी ओंजळीत घेतलं, तोंडात घातलं आणि थुंकत ओरडलो, "खारट हाय गं!" तू माझ्याकडं बघत राहिलीस. लुगडं खोचलंस, गुडघाभर पाण्यात आलीस आणि पुरचुंडी सोडलीस. तांदूळ पाण्यात पांढरे पांढरे चमकले, मग दिसेनासे झाले. मागं वळून बघतो तर पाणी गाडीपाशी पोचलेलं. मी बैलांकडं पळालो तशी तू टाळ्या पिटत ओरडलीस, "भिजू दे आता तुझी चाकं, पोटभर!"

घरी आल्यावर तू दोन ताटं नवा भात जेवलीस. पुढं जन्मभर येईल त्याला सांगत राहिलीस की समुद्र लेकानं दाखवला. दर वेळी माझ्याकडं बघायचीस, आणि दर वेळी मी उठून गोठ्यात जायचो.

हा कागद मी तांदळाच्या कणगीत खोचून ठेवतो आहे. उंदीर कुरतडतील का, ही काळजी आहेच. पनवेलच्या पुढं मी त्याआधी कधीच गेलो नव्हतो. तो दर्या मीही त्याच दिवशी पहिल्यांदा बघितला, तुझ्या शेजारी बसून.