डोळ्यांच्या वॉर्डातला उपदेश

उमरगे, ३ फेब्रुवारी १९५९

"ज्येला उठून जाता येत न्हाय, त्येला देव सांगू ने." सासूबाई म्हणायच्या. सारजाबाई. अक्षरओळख नव्हती, पण ख्रिस्ती शास्त्रातल्या गोष्टी सांगत गावोगाव पायी फिरल्या. ऐकणारीचं लक्ष चुलीकडे गेलं की आपण होऊन उठायच्या.

आज आठवायचं कारण आमचे उपदेशक रामलिंगमास्तर. मिशनच्या दवाखान्यात मोतीबिंदूची ऑपरेशनं चालली आहेत. बायकांच्या वॉर्डात सगळ्या उताण्या, दोन्ही डोळ्यांना पट्ट्या, डोक्याच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या. मान हलवायची नाही असा डॉक्टरांचा हुकूम. याहून सोयीची मंडळी कुठं मिळणार? मास्तर मधोमध स्टुलावर बसतात आणि पौलाची गोष्ट लावतात. दिमिष्काच्या वाटेवर तो आंधळा झाला, मग त्याच्या डोळ्यांवरून खवले पडले — "तुमचेही पडतील, बायांनो!"

ज्याच्या हातून ते पडले त्या हनन्याला मात्र गाळतात. पौल तेव्हा ख्रिस्ताच्या माणसांना धरून नेणारा. त्याच्याकडे जायला हनन्या भ्यायला होता. तरी गेला, आंधळ्यावर हात ठेवला आणि पहिला शब्द काढला — भाऊ. मास्तरांचा पहिला शब्द 'पापी'.

४ फेब्रुवारी

सुवार्ता कशी सांगावी याचे धडे लिहायला आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी सांगितलं आहे. उपदेशकांना शिकवायचे आहेत. आज योना लिहिला. देवाने निनवे शहराला सावध करायला धाडलेला संदेष्टा. शहर सुधारलं, वाचलं — आणि हा रुसला! बाहेर वेलाच्या सावलीत बसून शहर कधी बुडतंय ते बघत राहिला. लिहिताना ओळखीचे चेहरे समोर येत होते. नावं घातली नाहीत. ज्याचं त्याला कळेल. नाही, नाहीच कळणार.

५ फेब्रुवारी

अक्का आली. महादेवी, माझी थोरली बहीण. मुरूमहून मुलाने आणून सोडली. दुपारी ऑपरेशन झालंसुद्धा.

दहा-अकरा वर्षांपूर्वी, पोलीस ॲक्शनच्या आधी, मी ख्रिस्ती झाले आणि सारजाबाईंच्या घरात पडले. आम्ही लिंगायत, त्यांचं घर मांगवाड्यातलं. अक्काने डोक्यावरून पाणी घेतलं होतं, मी मेल्यासारखं. तेव्हापासून आज पहिल्यांदा तिच्या उशाशी बसले. माझा आवाज तिने ओळखला. मग म्हणाली, "बस. पण धर्माचं काढशील तर ही पट्टी फेकून घरला चालत जाईन."

जाईल ती. लहानपणापासून अशीच आहे. आणि गेली तर डोळेही जातील आणि मीही पुन्हा मरेन.

मास्तरांना विनवलं — तिच्या खाटेशी जाऊ नका. ते हसून म्हणाले, "बाई, आपल्याच माणसाचं तारण नको होय तुम्हाला?"

६ फेब्रुवारी

अक्का जेवेना. गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन, त्याच्याकडे बघून पूजा केल्याशिवाय तिने उभ्या जन्मात घास घेतलेला नाही. आता डोळे बांधलेले, उठून बसायचं नाही. नर्स ओरडून गेली.

"दिसल्याबिगर कसली पूजा?" अक्का म्हणाली.

"हाताला तर कळतंय ना?" मी म्हटलं. तिच्या डाव्या तळहातावर लिंग ठेवलं. वरून पाण्याची धार धरली, भस्म तिच्या बोटाला लावून दिलं. मी प्रार्थना पुटपुटले नाही, तिचा मंत्रही नाही. फक्त तिचा हात हलू नये म्हणून खालून धरला.

मग भाकरी कुस्करून दुधात कालवली. खाल्ली.

दारात मास्तर उभे होते.

८ फेब्रुवारी

पाळकसाहेबांनी बोलावलं. "मिशनच्या दवाखान्यात मूर्तिपूजा? आणि तीही आमचे धडे लिहिणाऱ्या बाईंनी?"

मी नामानाचा धडाच पुढं केला. नामान सेनापती. त्याच्या बायकोची बटीक, धरून आणलेली एक पोर — तिने शोमरोनातल्या संदेष्ट्याचं नाव सांगितलं. एकच वाक्य, पुन्हा नाही. त्या संदेष्ट्याकडे जाऊन नामानाचं कोड गेलं. मग नामान संदेष्ट्याला म्हणतो, माझा राजा त्याच्या देवाच्या, रिम्मोनाच्या, देवळात माझ्या हातावर टेकून जातो, तेव्हा मलाही वाकावं लागतं. त्याची मला क्षमा असो. संदेष्टा म्हणाला, शांतीने जा.

"हातच दिला होता त्याने," मी म्हटलं. "मीही हातच दिला."

साहेबांनी चष्मा पुसला. म्हणाले, "नामानाचा धडा ठेवू. पुढचे धडे मास्तर लिहितील."

छान. योनाचा दुसरा भाग मास्तर स्वतःच्या अनुभवातून लिहितील!

१० फेब्रुवारी

पूजा, भाकरी. वॉर्डात जायला अजून बंदी नाही, साहेब बहुतेक विसरले.

१२ फेब्रुवारी

आज पट्टी सुटली. मास्तरांची एक जुनी युक्ती आहे: पट्टी सुटताना समोर ख्रिस्ताचं चित्र धरतात, पहिलं दर्शन तेच व्हावं म्हणून. मी नको म्हणत होते. धरलंच.

अक्का डोळे बारीक करून बघत राहिली. "ह्यो दाढीवाला कोन? नवा डाक्टर का?"

पलीकडची म्हातारी हसली.

"हे प्रभू, माय," मास्तर म्हणाले.

"असतील. जरा बाजूला धरा, उजेड अडतोय."

ते बाजूला झाले. मागं मी होते. अक्का माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "लई पिकलीस गं."

१३ फेब्रुवारी

उद्या शनिवारी मुलगा न्यायला येणार.

अक्काने संध्याकाळी विचारलं, "तुझ्या सासूनं काय सांगितलं, म्हणून गेलीस तू?" मी म्हटलं, "काही नाही. विहिरीजवळ रडत बसले होते, तर जेवलीस का विचारलं." तिने तांब्या मागितला. माझ्या हातून पाणी घेतलं.

इतके दिवस मास्तरांना हसले. पण ती मला हवी आहे — नुसती बहीण म्हणून नाही. प्रभूच्या मेजाशी, चर्चमधल्या भाकरीला, माझ्या शेजारी. मास्तरांना हवी होती त्याहून जास्त लोभाने हवी आहे. ती नाहीच म्हणेल, कदाचित पुन्हा अबोलाही धरेल. तरी सकाळी बसच्या आधी विचारणार आहे:

अक्का, रविवारपर्यंत थांबशील? माझ्याबरोबर उपासनेला येशील?