परदेशात दारावर बसलो

आबा, तुमच्या नातवानं मला जर्मनीत आणून टाकलंय, तीन महिन्यांसाठी. हॅनोव्हर नावाचं शहर. शहर कसलं! आपल्या पुरुषोत्तमनगरला साखर कारखाना बंद असतो तेव्हाही जास्त माणसं दिसतात. विमानतळापासून घरापर्यंत एक हॉर्न नाही, रस्त्यात उभं राहून बोलणारं कोणी नाही. कचऱ्याला चार रंगांचे डबे. चहाची पत्ती कुठं टाकायची आणि तिची पिशवी कुठं, हे सुनेनं मला अर्धा तास शिकवलं. म्हटलं, बाई, एवढे नियम कारखान्यात आमच्या बॉयलरलाही नव्हते. कुत्र्याला गाडीत बसवून फिरवतात आणि म्हातारी माणसं स्वतःचं ओझं स्वतः ओढतात. असलं हे पुढारलेलं गाव.

दुसऱ्या आठवड्यात खालच्या मजल्यावरचा म्हातारा मेला. कळलं कसं, तर जिन्यात चिठ्ठी लावलेली. रडणं नाही, ओरडणं नाही. मागे म्हातारी एकटी. मी चार दिवस खिडकीत बसून पाहिलं, तिच्याकडे कुत्रंही फिरकलं नाही. पाचव्या दिवशी टोपी घातली आणि तिच्या दाराशी पायरीवर जाऊन बसलो.

दारावर जायचं, मयताच्या घरी जाऊन नुसतं बसायचं, हे तुम्हीच शिकवलं ना. ज्या भाऊबंदानं आपल्या शेताची पाइपलाइन फोडली, तो वारला, तर तुम्ही सकाळीच मला उठवलं. मी म्हटलं, त्या घरी बोलायचं काय? तुम्ही खेकसलात, "तू तठे बोलाले जाई ऱ्हायना का? चूप बठ." बसलो. त्याच्या पोरानं पाणी आणलं, तुम्ही नुसता हात हलवला. सुतकाच्या घरचं पाणी घ्यायचं नाही. निघताना 'येतो' म्हणायचं नाही. उठायचं आणि चालायला लागायचं.

इथंही तेच केलं. अर्ध्या तासानं म्हातारीनं दार उघडलं. मला पाहून दचकली, आत गेली, कॉफी घेऊन आली. मी हात हलवला. तिनं पुन्हा कप पुढं केला. मी उठलो आणि न बोलता वर आलो. संध्याकाळी पोरगा लालबुंद होऊन घरात शिरला. तिनं त्याला जिन्यात गाठून विचारलं होतं, तुझ्या वडिलांचं मी काय बिघडवलं?

"पप्पा, इथं कोणाच्या दारात असं बसत नाहीत."

"मग माणूस मेल्यावर कुठं बसतात?"

"बोलावलं तर जातात."

"मयतले आवतन लागस का रे भो?"

सून पदर नाही म्हणून तोंडावर हात धरून हसली. पोरगा हसला नाही. "आता तुम्हीच निस्तरा," म्हणाला.

म्हातारी नुसती रुसली असती तर मी फिकीर केली नसती. पण तिच्या दारात आलेला मी एकटाच माणूस, आणि तोही तोंड फिरवून गेला असं तिला वाटलं, हे मला सोसेना. आज सकाळी पुन्हा गेलो. तिनं दार बोटभरच उघडलं. मी प्यायची खूण केली. तिनं दार पुरतं उघडून मला आत घेतलं. नवऱ्याचा फोटो समोर ठेवून किती तरी वेळ बोलत होती. एक शब्द कळला नाही, मी मान हलवत राहिलो. कॉफी कडू जहर.

आबा, तुम्ही गेलात तिथं पाठवायची सोय असती तरी हे पत्र तुम्हाला पाठवलं नसतं. सुतकाच्या घरी मी कपभर प्यालो. वर साखरही मागून घेतली.