बोकडवाल्या सिनेमाचा वारस

मी, विनिता मुकुंद लोटणकर, वय सत्तेचाळीस, राहणार शारजा, हे मृत्युपत्र स्वखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. बंद दाराआड मी एकटीच मोठ्याने हसते, एवढ्यावरून माझ्या शुद्धीबद्दल कोणी शंका घेऊ नये. बुधवारी ऑपरेशन आहे, म्हणून ही तजवीज.

१. देवरुखच्या घरातला माझा हिस्सा आणि बँकेतली शिल्लक अबुधाबीतल्या रुवैसला असलेला माझा भाऊ नागेश याला मिळावी.

२. सोन्याच्या बांगड्या वहिनी संजनाला. माझ्या लग्नासाठी केल्या होत्या. लग्न मोडलं, बांगड्या मोडल्या नाहीत. तिने त्या रोज घालाव्यात.

३. आता कपाटातले फिल्मचे डबे. दुसऱ्या महायुद्धानंतर आयर्लंडात निघालेले आणि तिथेच विसरले गेलेले हे विनोदी चित्रपट. पहिला डबा औद्योगिक क्षेत्रातल्या भंगारवाल्याने जुन्या प्रोजेक्टरसोबत फुकट दिला. पुढचे मी शोधत गेले. नागेश म्हणतो, "ताई, भंगार ते भंगारच." त्याचा मुलगा अंश पडद्याकडे पाहून म्हणाला, "आत्या, इज इट ब्रोकन?" म्हणून हे डबे त्यांना देऊ नयेत. राग नाही. थोडा आहे.

हे चित्रपट थोर नाहीत. एकात दोन म्हातारे भाऊ एका घरात राहून एकमेकांशी बोलत नाहीत. बोकडाकरवी निरोप देतात, "सांग त्याला, चहा निवतोय." याची कदाचित हीच शेवटची प्रत असेल. ज्या गमतीवर आता कोणीच हसत नाही, तिच्यावर आपणही हसलो नाही तर ती संपते. मला वेड लागलं ते याचं.

४. सर्व डबे व प्रोजेक्टर शेजारच्या कुबरा मुकादम हिला द्यावेत. तिने यातला एकही चित्रपट पाहिलेला नाही. आमची भिंत पातळ आहे. शुक्रवारी सुट्टीच्या दुपारी चित्रपट लावून मी हसले की पलीकडे तीही हसते, कशावर ते ठाऊक नसताना. एकदा जिन्यात म्हणाली, "ताई, काल दोनदाच हसलात. तबियत ठीक आहे ना?" आदल्या सकाळीच माझा रिपोर्ट आला होता. इतक्या वर्षांत तिला आत बोलवायचं मला सुचलं नाही. खरं तर धीर झाला नाही.

५. काल मृत्युपत्राचं कळल्यावर कुबरा आपणहून साक्षीदार म्हणून सही करायला आली. मी नको म्हटलं. "का, माझ्या सहीला काटे आहेत?" म्हणत ती तणतणत गेली. ज्याला काही द्यायचं त्याची साक्ष घेत नाहीत, हे मी तिला सांगितलं नाही. तेव्हापासून भिंतीपलीकडे आवाज नाही.

मी परतले, तर पहिल्या शुक्रवारी तिचं दार मीच ठोठावीन. परतले नाही, तर नागेशने हे कलम तिला वाचून दाखवावं. तेवढ्यापुरतं त्याने बोकड व्हावं.

विनिता मु. लोटणकर
शारजा, गुरुवार, ५ फेब्रुवारी २०२६

आमच्यासमोर सही केली :
नबिला पावसकर, ऑफिसातली सहकारी
दगडू सावंत, इमारतीचा वॉचमन