नापास मडकी

३ मार्च

आज भट्टी उघडली. दहातली चार नापास. फोडली.

मामंजी अंगणाच्या टोकाला पाठ करून बसले होते. दर वेळी तसेच बसतात. सासऱ्यानं घडवायचं आणि सुनेनं त्याच्यादेखत फोडायचं – हे वारले तेव्हापासून असं चाललं आहे.

४ मार्च

फोडताना हात आखडतो म्हणून एकदा लिहूनच ठेवते.

मातीत बारीक भुसा कालवायचा. भट्टीत भुसा जळून जातो, त्या जागी छिद्रं राहतात. डोळ्यांना न दिसणारी. पाणी त्यांतून झिरपतं, रोग मागे राहतो. पण कुठे छिद्र मोठं झालं, आत तडा गेला, की पाणी भराभर उतरतं आणि रोगही त्याच्याबरोबर उतरतो. म्हणून मडकं भिजवायचं, काठोकाठ भरायचं, तासाभरानं पाहायचं. पाणी खुणेच्या खाली गेलं की नापास. वर राहिलं की बुडाला ठसा.

नापास मडकं त्याच दिवशी फोडायचं. ह्यांचा नियम. ठेवलं तर कुणीतरी वापरणारच.

मामंजी अजून टिचकी मारून आवाज ऐकतात. आज एक मडकं कानाशी धरून म्हणाले, खणखणीत आहे गं. मी ते त्यांच्या हातातून घेतलं.

८ मार्च

खालच्या आळीतली धुणेवाली आली होती. आवाजामुळे सगळे तिला भोंगा म्हणतात, तीही म्हणवून घेते. पास-नापास करते म्हणून मला तिनं मास्तरीण करून टाकलं आहे. मडक्याची किंमत विचारली. सांगितली.

“एवढ्यात तर दुसरा नवरा मिळेल, मास्तरीण. आणि तो पाणी भरून पण आणेल.”

हसली. रिकाम्या हातानं गेली.

त्या आळीत नळाला गढूळ पाणी येतं. दर उन्हाळ्यात तिथली मुलं दवाखान्यात जातात, सगळी परत येत नाहीत. हे म्हणायचे, त्या आळीत पोचलं नाही तर आपण फुलदाण्या केलेल्या बऱ्या. पण फोडलेल्या मडक्यांची माती, लाकूड, मेहनत विकलेल्या मडक्यांवरच चढते. किंमत कमी कुठून करू?

१२ मार्च

भोंगाकडे धुण्याचे कपडे द्यायला गेले. चुलीशेजारी आमचं मडकं. झाकण, खाली बादली, तोटी, सगळं नीट. उचलून बुड पाहिलं. ठसा नव्हता.

तुमच्या सासऱ्यांनीच दिलं की, म्हणाली. पैसे घेतले नाहीत. देवमाणूस. शेजारच्या घरांतही आहेत म्हणे.

मी कपडे तिथेच ठेवून आले.  तेव्हाच सांगायला हवं होतं.

१३ मार्च

विचारलं. मामंजींनी नाकारलं नाही. मी टँकरवर पाण्याला गेले, स्वयंपाकाला गेले, की फोडायच्या ढिगातलं एखादं आवाजाला चांगलं वाटलेलं मडकं ते बाजूला काढायचे. गेलं वर्षभर.

“तुझी पास झालेली त्यांच्या दारापर्यंत जात नाहीत,” म्हणाले. “ही गेली.”

मी म्हटलं, ते आता पाणी उकळतही नाहीत. मडकं आहे म्हणून.

ते हातांवरची वाळलेली माती खरवडत बसले.  मी इतकी वर्षं या घरात आहे – त्यांना असं पाहिलं नव्हतं.

१५ मार्च

आळीत जाऊन सांगितलं. घरोघर. प्रत्येक दारात तेच वाक्य. बदल्यात ठशाची मडकी देते म्हटलं, एक पैसा नको.

कुणी घेतलं नाही. एकीनं दार लावून घेतलं. एक म्हातारे म्हणाले, आधीचं पण फुकटच होतं.  भोंगाचा हळू आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

“म्हणजे पैसेवाल्याला मडकं, आणि आम्हाला तुमचा कचरा.”

मामंजींचं नाव मी घेतलं नाही. त्याची गरजच नव्हती.

१६ मार्च

मामंजी जेवले नाहीत.

१७ मार्च

आजही नाही. चाक बंद.

१९ मार्च

भोंगा आली. बसली नाही. तिचं म्हणणं: मडकी हवीत, पण यापुढे परीक्षा आळीत होईल, त्यांच्यासमोर. भरणार त्या, पाहणार त्या, फोडणार त्या. आम्ही फक्त भाजून आणून द्यायची.

मी म्हटलं, वाटेत फुटतील. ती म्हणाली, तुमच्याकडे काय कमी फुटतात?

मामंजी पडवीतून म्हणाले, दे.



२४ मार्च

काल पूर्ण भट्टी हातगाडीवर पेंढ्यात घालून आळीत नेली. धुण्याचा मोठा हौद बायांनी घासून स्वच्छ केला होता. त्यात काल रात्रीपासून मडकी बुडवून ठेवलेली. सकाळी बाहेर काढली, ओळीनं मांडली, भरली. बाया कडेनं बसल्या. एरवी भांडणाऱ्या दोघी एकाच मडक्यात वाकून पाहत होत्या.

तास झाला. मी एकेकाजवळ गेले.

एक नापास. सबंध भट्टीत एकच.

भोंगानं ते दगडावर आपटलं आणि माझ्याकडे वळली. “मास्तरीण, पेपर कठीण काढत होता का तुम्ही?”

सगळ्या हसल्या. बऱ्याच दिवसांनी कुणी आमच्या गाडीभोवती हसलं. मला हसता आलं नाही. माती तीच, भुसा तोच, भट्टी तीच.

२६ मार्च

पडताळायला म्हणून काल दुसरी भट्टी घरीच नेहमीसारखी तपासली; नापास झाली ती न फोडता त्यांच्या हौदात रात्रभर ठेवली. आज भरली. पाच होती. चार पास.

आता कळतं आहे. विहीर आटल्यापासून आमच्याकडे टँकरचं पाणी. मी भिजवायचं टाकं अर्धंच भरत होते. काटकसर! मडक्याचा वरचा भाग कोरडा राहायचा. भरलं की आधी मातीच पाणी पिऊन घ्यायची, पातळी उतरायची, आणि मी म्हणायचे – तडा.

विहीर आटून दोन वर्षं झाली. फोडलेल्यांतली किती धड होती? मामंजींनी वाचवलेल्यांतली किती? आळीत मी काय सांगून आले!

हे कुणालाही कळणार नाही, मी बोलले नाही तर.

२७ मार्च

सकाळी मामंजींना सांगितलं. सगळं. उभ्यानंच.

त्यांनी चाक थांबवलं नाही. हातातलं मडकं पुरं केलं, दोऱ्यानं कापून फळीवर ठेवलं. मग म्हणाले,

“म्हणजे किंमत उतरवता येईल.”