आंबझिऱ्याला निघालेलं सारवलेलं घर

मुक्काम आंबझिरा, सातपुड्याचा पायथा
(टपालाचा शिक्का मात्र वरवट बकालचाच दिसेल)
होळीच्या अलीकडचा सोमवार

राजमान्य राजश्री इंद्रभानजी, इंजिन-फोरमन, मुक्काम अकोला, यांस वरवट बकालच्या गुलाबदादाचा आशीर्वाद. तू, सौ. अन्नपूर्णा, लेकरं आणि तुमच्या जिनिंगमधलं ते इंजिन (घरातलं थोरलं माणूस म्हणून त्याचीही विचारपूस करतो) सगळे खुशाल असाल अशी आशा आहे. इकडे आम्हीही खुशाल आहोत. आम्ही म्हणजे मी, तुझी कौशल्यावहिनी, संग्रामपूरचा मेहबूब मिस्त्री, सरदार आणि वकील हे दोन बैल, आणि ज्यांच्यासाठी ही सगळी वरात निघाली त्या तुझ्या मातोश्री, म्हणजे माझी अंबूआत्या. आत्याची कंबर दुखते, पण जीभ उत्तम आहे.

तुला ठाऊकच आहे की आत्या परकरी असताना दर उन्हाळ्यात आजोबांच्या ढोरांबरोबर इथे आंबझिऱ्यावर राहायची. ते झिऱ्याचं पाणी पुन्हा एकदा प्यायचं हा तिचा धोशा आहे. तू तिला जीपमधून नेण्याचा शब्द दिलास, त्यालाही बराच काळ लोटला. मधल्या काळात मुंबई राज्य जाऊन महाराष्ट्र आला, पण तू आला नाहीस. तुझं दिवाळीचं कार्ड मी तिला वाचून दाखवलं. "रस्ता वाईट, मायची कंबर वाईट, पुढच्या वर्षी पाहू." ती नुसती सुपारी कातरत बसली. आत्या बोलते तेव्हा घर हलतं, त्या दिवशी फक्त अडकित्ता हलत होता. म्हणून मीच उठलो आणि म्हटलं, आत्या, मी नेतो.

आता न्यायचं कशातून? रस्ता म्हणशील तर तो अजून नदीच्याच मालकीचा आहे. पाणी आटलं की ती आपल्याला वापरू देते. पहिल्यांदा आपली रेंगी, ती हलकी बैलगाडी, आणली. तिला खाली बांबूची तट्टी. आत्या बसली ती मधोमध खोल गेली आणि तिचे गुडघे कानाला लागले. ती आतूनच म्हणाली, "गुलाब्या, मले टणक जमीन पायजे. अशा झोळीत बसून मी जंगलात जात नाई." मग खामगावच्या एका व्यापाऱ्याची पत्र्याच्या बुडाची गाडी पाहिली. जमीन टणक होती यात शंका नाही, पण दुपारच्या उन्हात कौशल्येने त्या पत्र्यावर एक पापड ठेवून पाहिला आणि विषय संपवला. शेवटी अब्दुल गनी भंगारवाल्याच्या वाड्यात लष्कराच्या लिलावातला एक ट्रेलर सापडला. दोन चाकं, उंच बांधा, दगडाधोंड्याला न भिणारा. जीपमागे लावायचा असतो तो. आपल्याकडे जीप नाही, म्हणून मेहबूबने आकड्याच्या जागी बैल जुंपायची दांडी बसवली आणि सरदार-वकिलांना लष्करात भरती केलं.

मेहबूबची करामत सांगायची तर पान पुरणार नाही (आणि तो स्वतः सांगायला लागला तर दिवस पुरत नाही). ट्रेलरवर सागवानी फळ्यांचं जाड झाकण. मुक्कामाला पोचलं की बिजागरीवर ते बाजूला उलटायचं, खाली दोन पाय लावायचे, की झाली ओसरी. वर ताडपत्रीची राहुटी. निघताना झाकण मिटलं की पुन्हा पेटी. "ऐसा फर्श बादशाच्या घरी बी नसन, भाऊ," असं म्हणत त्याने त्या फळ्यांना इतका रंधा मारला की आपलं तोंड दिसावं. आत्याने काठीने ठोकून पाहिलं, टणक आहे म्हणाली. तिथेच नारळ फोडून निघालो असतो तर हे पत्र एका पानात आटोपलं असतं.

पण आत्याने विचारलं, "चूल कुठी मांडू?" मी म्हटलं, फळीवरच, खाली दगड ठेवून. त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी देव्हाऱ्यात जोडे ठेवायला सांगतोय. जिथे चूल पेटते ती जमीन सारवलेली पाहिजे, मग ती जागेवर असो की चालती असो. मेहबूब कळवळला, म्हणाला, लाकडाले पाणी लागलं तर माझा जिम्मा नाई. त्याचं कोण ऐकतं? दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो आत्या आणि कौशल्या यांनी पांढरी माती आणि शेण कालवून फळ्या आतून बाहेरून सारवलेल्या, चारी कोपऱ्यांना रांगोळी, वर एक पोतेरंही वाळत घातलेलं. सारवण सुंदर झालं होतं. इतकं मुरलं होतं की फळ्या फुगल्या आणि झाकण मिटेना. मेहबूब त्यावर चढून नाचला, मी नाचलो, शेवटी सरदार-वकिलांना उलट्या बाजूने जुंपून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

मग काय, खालचे पाय काढले, ओसरी दोरांनी वर ताणून बांधली आणि आमचं घर ओसरीसकट निघालं. वरवटच्या बाजारातून ओसरी एका बाजूला पसरून जाणारी गाडी तू पाहिली नसशील, आणि लोकांनीही पाहिली नव्हती. वळणावर ओसरीने एका मिरचीवाल्याचा तंबू अलगद उचलून बरोबर घेतला. तो शिंकत मागे, आम्ही शिंकत पुढे. त्याचा तंबू परत करेस्तोवर वेशीवर निम्मं गाव गोळा झालं होतं, आणि आत्या ओसरीवर बसून सगळ्यांना "येतो बरं का" म्हणत होती. नदीच्या गोट्यांत शिरल्यावर सारवण वाळून तडकायला लागलं. प्रत्येक हिसक्याला एक पापुद्रा उडायचा. मुक्कामाला पोचलो तेव्हा तुझी वहिनी पिठाच्या गिरणीतून काढल्यासारखी दिसत होती. मी हसलो. तेवढ्यावर त्या दिवशी मला भाकरी मिळाली नाही, हे दुःख बाजूला ठेवतो.

इंद्रभान, थट्टा खरी, पण एक गोष्ट मनापासून सांगतो. झिरा दिसला आणि आत्या कोणाचा हात न धरता उतरली. ओंजळीने पाणी प्याली, मग तोंडावर मारलं, मग तशीच बसून राहिली. म्हणाली, "बाबा इथीच बसत होता." माझे डोळे भरून आले. त्यानंतर तिने पहिली गोष्ट केली ती ओसरी पुन्हा सारवण्याची, आणि दुसरी, वाटेने येणाऱ्या एका गवळणीला विचारण्याची, की अकोल्याहून इकडे यायला किती वेळ लागतो.

आता अडचणीकडे येतो. परतायच्या दिवशी उजव्या चाकाचं बेअरिंग फुटलं. लष्करी माल आहे, त्याचा जोड आमच्या मिस्त्रीच्या आवाक्यातला नाही. तुझ्यासारख्या जाणत्या माणसाने स्वतः पाहिल्याशिवाय काही सुचत नाही. तोवर आम्ही इथेच आहोत. मोठ्यांना नमस्कार, लेकरांना मुका. कळावे.

तुझा,
गुलाबदादा

ता. क. येताना सौ. अन्नपूर्णा आणि लेकरांना घेऊन ये. ओसरीवर सगळे मावतात. चिवडा आण.

ता. क. दुसरा. मला खोटं पेलत नाही रे बाबा. बेअरिंग शाबूत आहे. फुटल्याचं मी आत्याच्या सांगण्यावरून लिहिलं. मी म्हटलं होतं, सरळ लिहू की माय वाट पाहते. ती म्हणाली, "मायसाठी तो कार्ड धाडते. लोखंड मोडलं म्हन, धावत येईन. त्याच्या लहानपणी मले ताप होता तवा तो घड्याळ खोलून बसला होता." तेव्हा तू इंजिनाचं दुखणं ओळखतोस तसं थोडं हेही समजून घे.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवण्याआधी आत्याने पत्र मोठ्याने वाचायला लावलं. मी दुसरा ता. क. गाळून वाचत होतो, पण तुझ्या वहिनीने खांद्यावरून डोकावून तो वाचून दाखवला. आत्या चिडली नाही. "आता तर तो येतच नाई," एवढंच म्हणाली आणि तिने मेहबूबला हाक मारली. त्याने चाक काढलं, खाली दगड लावले, बेअरिंग काढून तिच्या हातात दिलं. आता ते तिच्या चंचीत आहे, चुन्याच्या डबीशेजारी. तेव्हा मी लिहिलेलं सगळं आता खरं झालं आहे. आम्ही अडकलो आहोत. बेअरिंग ती तुझ्याशिवाय कोणाला देणार नाही.