जुने बोल्ट

३ मार्च
पुन्हा तेच! ‘स्टॉक’ म्हणजे काय यावर दाढीने माझं डोकं खायचं आणि मी मान डोलवायची. का म्हणून? असेल दाढी गॅरेजचा मोठा मिस्त्री, पण रेसचा नियम मला पण कळतो. इंजिनचं वरचं हेड बदला, टर्बो लावा, कोणी हटकत नाही. शॉर्ट ब्लॉक मात्र — खालचा ब्लॉक, क्रँक, रॉड, पिस्टन — कंपनीतून आला तसाच पाहिजे. मान्य! मी एवढंच म्हटलं, रॉडचे बोल्ट एकदा आवळले की ताणतात. खोलले की फेकायचे, नवे घालायचे. तर म्हणतो, नवा बोल्ट घातला की ब्लॉक स्टॉक राहिला नाही, गाडी बाद.
म्हटलं, मग तेल पण कंपनीतलंच ठेव जन्मभर.
सगळं गॅरेज हसलं. दाढीने पाना फेकून मारला. माझी भुवई फाटली.

४ मार्च
डोळा बंद. आईला फोनवर सांगितलं, दार लागलं डोळ्याला. दिवसभर मनातल्या मनात जॅक काढतोय आणि गाडी दाढीच्या छातीवर सोडतोय. परत उचलतो. परत सोडतो.

६ मार्च
माझ्या बाकावर डबी. आत नवे बोल्ट, कंपनीचेच, डोक्यावर पिवळा ठिपका. दाढी मान वर न करता म्हणाला, “रेसच्या तपासनिसाला विचारून आलो. कंपनीचा नवा बोल्ट स्टॉकमध्येच धरतात. लाव.”
बस! भुवईबद्दल चकार शब्द नाही.
डोकंच फिरलं. जुने पाहिजे होते ना? घे जुने! दात-ओठ खात जुनेच आवळले. नवे गटारात. फुटू दे इंजिन रेसमध्ये, चार लोकांत जाऊ दे ह्याची अब्रू.

८ मार्च
रेसपर्यंत गेलंच नाही. इंजिन अजून चाचणीच्या स्टँडवर होतं. मालक वेग वाढवत होता, दाढी शेजारी उकिडवा बसून आवाज ऐकत होता. धाड! रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला, सरळ त्याच्या गुडघ्यात. वाटी राहिलीच नाही. गरम तेल, रक्त, हाडाचे तुकडे — फरशीवर सगळं एक.
बोल्टचं तुटकं डोकं त्याच्या हाताशी पडलं होतं. उचललं. ठिपका नव्हता. मग माझ्याकडे बघितलं.

१० मार्च
पाय कापला. मालक दवाखान्यातच भडकला, जुने बोल्ट लावले कोणी?
खाटेवरून दाढी म्हणाला, “मी सांगितलं होतं. पोराने ऐकलं.”
मालकाने त्याला तिथेच कामावरून काढलं. खर्च तुझा तू बघ म्हणाला, आणि गेला.
दाढीने मला बोलावलं. वाटलं, आता गळा धरतो. धरला असता तर बरं झालं असतं! कॉलर धरून तोंड जवळ ओढलं, भुवई बघितली.
“टाके घालायला हवे होते रे.”

१ एप्रिल
पगार झाला. आईला सांगितलं, ह्या महिन्यात काही नाही. शिव्या घातल्या, घालू दे. दाढीच्या बायकोला पाठवतोय — सगळे. बावीस हजार.